गृहवनस्पतींचे तापमान

गृहवनस्पतींचे तापमान : घरात, सोप्यात, सज्जात किंवा कार्यालयात कुंड्यांमधून शोभेसाठी वाढविण्यात येणाऱ्या वनस्पतींना गृहवनस्पती म्हणतात. त्यांपैकी बहुसंख्य वनस्पती मूळच्या उष्ण कटिबंधातील असून त्यांची वाढ, पानांचा तजेला, फुलोरा व आयुर्मान ही तापमानावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. पाणी, प्रकाश व खत यांचा विचार सामान्यतः केला जातो. तापमानाकडे मात्र, आपला प्रदेश मुळातच उष्ण असल्याने, सहसा लक्ष दिले जात नाही. वस्तुतः उष्ण कटिबंधातील वनस्पती म्हणजे कितीही उष्णता सोसणारी वनस्पती नव्हे. शिवाय तापमापकावर दिसणारे हवेचे तापमान आणि वनस्पतीच्या पानांचे व मुळांचे प्रत्यक्ष तापमान ही एकच नसतात. घरातील अनेक झाडे दगावतात ती हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे.

मूलस्थान व तापमानाची गरज : मनी प्लँट (एपिप्रेम्नम ऑरियम) हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातील मोओरेआ बेटावरचा आहे. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातील, अँथुरियमची सर्वपरिचित लाल जाती कोलंबिया व एक्वादोर येथील, ॲग्लोनेमाच्या जाती आग्नेय आशियातील, तर अरेका पाम मादागास्करमधील आहे. यांपैकी पुष्कळ वनस्पती दाट वनातील मोठ्या वृक्षांच्या छायेत किंवा त्यांच्या खोडांचा आधार घेऊन वाढतात. अशा सखल पर्जन्यवनाच्या तळाशी दिवसाचे तापमान साधारणपणे २५° ते ३०° से. आणि रात्रीचे २०° से.च्या आसपास असते. वर्षभरात त्यात फारसा फरक पडत नाही. हवा सदैव दमट असते आणि थेट ऊन क्वचितच पोहोचते. म्हणजेच या वनस्पतींना उष्णतेपेक्षाही तापमानाच्या स्थिरतेची सवय असते. उलट, घरातील कुंडीला दिवस-रात्र, हिवाळा-उन्हाळा यांतील सर्व चढउतार सोसावे लागतात.

तापमानाच्या गरजेनुसार गृहवनस्पतींचे स्थूलमानाने तीन गट पडतात : (१) अधिक उबेच्या वनस्पती : कॅलॅडियम, अँथुरियम, ॲग्लोनेमा, डिफेनबाखिया, कॅलॅथिया इ. यांना रात्रीचे तापमान १६°–१८° से.च्या खाली जाऊ नये हे बरे, १२° से.च्या खाली त्यांना इजा होण्याचा संभव असतो. (२) मध्यम उबेच्या वनस्पती : मनी प्लँट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, रबर प्लँट, ड्रॅसीना, आफ्रिकन व्हायोलेट इ. यांना रात्री १३°–१६° से. तापमान चालते. आफ्रिकन व्हायोलेट ही टांझानिया व केन्या येथील डोंगराळ प्रदेशांतील वनस्पती असल्याने तिला ३०° से.च्या वरचे तापमान मात्र मानवत नाही. (३) थंडी सोसणाऱ्या वनस्पती : शतावरीच्या प्रजातीतील शोभिवंत जाती, क्लोरोफायटम, ॲस्पिडिस्ट्रा, आयव्ही इ. ७°–१०° से.पर्यंतची थंडी यांना बाधत नाही. परंतु त्यांतील आयव्हीसारख्या वनस्पती आपल्याकडील उन्हाळ्यात निस्तेज होतात. वरील मर्यादा ढोबळ आहेत. वनस्पतीचे वय, प्रकार, मातीतील ओल आणि थंडी किती तास टिकली यांवर प्रत्यक्ष परिणाम अवलंबून असतो.

इतिहास : थंड प्रदेशांत उष्ण कटिबंधीय वनस्पती जगविण्याचे प्रयत्न प्रथम तापविलेल्या काचगृहांतून झाले. लंडन येथील वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ मध्ये असे आढळले की, बंद काचपात्रातील ओलसर मातीत नेचा आपोआप उगवून बाहेरील धुराने दूषित झालेल्या हवेतही चांगला वाढतो. पात्रातील जलबाष्प काचेवर द्रवरूप होऊन पुन्हा मातीत उतरत असल्याने आतील हवा दमट राहते. या तत्त्वावर तयार केलेल्या ‘वॉर्ड पेट्यां’मुळे दूरच्या प्रदेशांतील रोपे लांबच्या सागरी प्रवासातही जिवंत राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून भारतात चहाची रोपे अशाच पेट्यांतून आणली. पुढे पाश्चात्त्य देशांतील घरे हिवाळ्यात सर्वत्र उबदार ठेवण्याची सोय झाल्यावर उष्ण कटिबंधीय वनस्पती तेथील सामान्य घरांतही आल्या. त्यांच्या निगेसंबंधीचे पुष्कळसे लेखन त्याच देशांतील असल्याने त्यात भर आहे तो हिवाळ्यावर, काचेच्या खिडकीतून येणाऱ्या गारठ्यावर आणि जास्तीत जास्त ऊन मिळविण्यावर. महाराष्ट्रात तेच नियम जसेच्या तसे लागू केले तर अनेकदा उलट परिणाम होतो.

तापमान व शरीरक्रिया : प्रकाशसंश्लेषणाने (प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याच्या क्रियेने) वनस्पती शर्करा तयार करते आणि श्वसनाने ती खर्ची टाकते. सामान्य मर्यादेत तापमान १०° से.ने वाढले असता श्वसनाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. घरातील मंद प्रकाशात अन्ननिर्मिती मात्र त्या प्रमाणात वाढू शकत नाही. कारण तेथे प्रकाशच अपुरा असतो. त्यामुळे अंधाऱ्या व उकाड्याच्या खोलीत ठेवलेली वनस्पती साठविलेल्या अन्नावर जगू लागते. तिची पेरे लांबतात, पाने लहान व फिकट होतात आणि जुनी पाने गळून पडतात. जागा जितकी अंधारी तितकी ती थंड असणे इष्ट, हा नियम यावरून निघतो.

दिवसापेक्षा रात्र काहीशी थंड असणे पुष्कळ वनस्पतींना हितकारक असते. अमेरिकेत संशोधन करणारे शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४४ मध्ये टोमॅटोवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले आणि या गुणधर्मास तापावर्तिता अशा अर्थाचे नाव दिले. गृहवनस्पतींनाही ५°–८° से.चा फरक पोषक ठरतो. फॅलेनॉप्सिस या आमराच्या (ऑर्किडच्या) बाबतीत तर काही आठवडे तापमान २५° से.च्या आसपास किंवा त्याखाली राहिल्याशिवाय फुलोऱ्याचा दांडा सहसा निघत नाही. सतत उष्ण खोलीत ठेवलेले हे आमर वर्षानुवर्षे नुसती पानेच धरते.

शीतजन्य इजा : पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही उष्ण कटिबंधीय वनस्पतींना जी इजा होते तिला शीतजन्य इजा म्हणतात. कोशिकांभोवतीची व त्यांच्या अंतर्भागातील पटले मुख्यत्वे मेद व प्रथिने यांची बनलेली असतात. सु. १०°–१२° से.च्या खाली या वनस्पतींच्या पटलांतील मेदांची तरलता कमी होते; त्यामुळे पटलांचे नियंत्रण सुटून क्षार बाहेर झिरपू लागतात आणि श्वसन व प्रकाशसंश्लेषण यांतील समतोल बिघडतो. पानांवर पाणी शोषल्यासारखे गडद डाग पडणे, कडा काळवंडणे, पाने मलूल होऊन लोंबणे ही लक्षणे पुष्कळदा लगेच न दिसता दोन-तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे त्यांचे कारण भलतीकडेच शोधले जाते.

याहून अधिक झाडे दगावतात ती मात्र थंडी व पाणी यांच्या एकत्रित परिणामाने. माती थंड झाली की मुळांची पाणी शोषण्याची क्षमता घटते. मुळांतील पटले कमी पार्य होतात. शिवाय २५° से.च्या मानाने १०° से.ला पाण्याची श्यानता (दाटपणा) सु. दीडपट असते. सकाळी ऊन चढल्यावर पानांतून बाष्पोच्छ्वास सुरू होतो, पण थंड मातीतील मुळे त्या मानाने पाणी पुरवू शकत नाहीत आणि माती ओली असूनही झाड कोमेजते. पाहणाऱ्यास ते तहानलेले वाटते व आणखी पाणी घातले जाते. थंड, ओल्या व हवा कोंडलेल्या मातीत मुळे गुदमरतात आणि त्यांवर कवकांचा हल्ला होऊन ती कुजतात. म्हणून हिवाळ्यात कोमेजलेल्या झाडास पाणी घालण्यापूर्वी बोट ४–५ सेंमी. खोल घालून माती पाहावी. ती ओली असल्यास पाणी न देता कुंडी उबदार जागी हलवावी. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर खोलीपेक्षा बरेच थंड असलेले पाणी पडल्यास कायमचे फिकट डाग पडतात. यास्तव हिवाळ्यात पाणी खोलीच्या तापमानास आणूनच द्यावे.

उष्णताजन्य इजा : पानाचे तापमान हे मिळणारे प्रारण, वारा आणि बाष्पोच्छ्वासाने होणारे शीतन यांवर ठरते. वारा नसताना थेट उन्हातील रुंद व जाड पान भोवतालच्या हवेपेक्षा ५°–१०° से.ने अधिक तापू शकते. हवा ३८° से. असताना असे पान ४५° से.च्या पुढे गेल्यास ऊतके भाजतात व कोरडे तपकिरी चट्टे पडतात. सावलीत वाढलेल्या रोपास एका दुपारच्या उन्हानेही ही इजा होते.

तापमानाबरोबर हवेची शोषणशक्तीही वाढते. हवा २६° से. व सापेक्ष आर्द्रता ८५% असताना बाष्पदाबातील तूट सु. ०·५ किलोपास्काल असते. हवा ३८° से. व आर्द्रता २५% असताना ती सु. ५ किलोपास्काल, म्हणजे दहापट होते. पानातून पाणी ओढून घेणारी ही ओढ मुळांना पुरवता येण्यापलीकडची झाली की त्वग्रंध्रे (पानावरील सूक्ष्म छिद्रे) मिटतात; त्यामुळे पाणी वाचते, परंतु पानाचे नैसर्गिक शीतन थांबते व अन्ननिर्मितीही खुंटते. कॅलॅथिया, नेचे इ. वनस्पतींच्या पानांच्या कडा उन्हाळ्यात करपतात त्या केवळ उष्णतेने नव्हे, तर या कोरड्या उष्णतेने.

कोल्हापूरचे जलवायुमान : महाराष्ट्राच्या पठारावरील परिस्थितीचे उदाहरण म्हणून कोल्हापूर घेता येईल. हे शहर १६° ४२′ उ. अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस पंचगंगेच्या काठी वसले आहे. एप्रिलमध्ये येथील सरासरी कमाल तापमान सु. ३७° से. असते, तर डिसेंबर–जानेवारीत सरासरी किमान सु. १५° से. असून काही रात्री ते याहून बरेच खाली उतरते. हिवाळ्यात दुपारी ३०° से.च्या आसपास तापमान असल्याने दिवस व रात्र यांत सु. १५° से.चा फरक पडतो. जुलैमध्ये मात्र तापमान दिवसरात्र सु. २१° ते २७° से. या अरुंद मर्यादेत राहते व हवा दमट असते. मूळच्या पर्जन्यवनाशी याच काळातील स्थिती सर्वाधिक जुळते. उणीव असते ती प्रकाशाची. जिल्ह्यातही जलवायुमान अल्प अंतरात पालटते : घाटमाथ्यावरील गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात सु. ५०० मिमी. पाऊस पडतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन घरांना निगेचा एकच नियम लावता येत नाही.

सूर्याची स्थितीही लक्षात घेण्याजोगी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य कोल्हापुरात बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरअखेरीस मात्र मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सु. ५०° उंचीवर असतो. परिणामतः दक्षिणेकडील सोप्यात उन्हाळ्यात छपराची सावली राहते व हिवाळ्यात ऊन आत येते. दोन्ही ऋतूंत कुंड्यांना अनुकूल अशी ही जागा होय. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात सर्वांत घातक. कारण दिवसभर तापलेल्या हवेत तेथे तिरपे ऊन खोलवर पोहोचते. पूर्वेकडील सकाळचे कोवळे ऊन बहुतेक वनस्पतींना मानवते.

घराची रचना : जाड भिंती, कौलारू छप्पर, मधला चौक व परसातील झाडे असलेल्या जुन्या घरांत दिवसाची उष्णता कौलांच्या फटींतून निघून जाई आणि चौकातील ओलाव्यामुळे हवा थंड राही. सिमेंट काँक्रीटचा सपाट स्लॅब दिवसभर उष्णता साठवितो व ती सायंकाळनंतर खोलीत सोडतो. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरील खोली एप्रिलच्या रात्रीही उबट राहते आणि श्वसनाने वनस्पतीचे अन्न खर्ची पडत राहते. पत्र्याच्या छपराखालील जागा दुपारी अतिशय तापते व पहाटे झपाट्याने गार होते. उष्ण कटिबंधीय रोपांस ती सर्वथा अयोग्य होय.

उघडी गच्ची हिवाळ्यात फसवी ठरते. निरभ्र रात्री पाने आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडतात व त्यांचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी खाली उतरते. पहाटे त्यांवर जमणारे दव याचेच लक्षण होय. हवा १२° से. असताना पान १० अंशांच्याही खाली जाऊ शकते. तीच कुंडी छपराखाली, भिंतीलगत किंवा मोठ्या झाडाखाली ठेवल्यास छप्पर व फांद्या प्रारण अडवितात आणि दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. कापडाचे साधे आच्छादनही हेच कार्य करते. मात्र प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटून बसल्यास तेथे पाणी साठून हानी होते.

वातानुकूलित खोलीतील २२°–२५° से. तापमान बहुतेक गृहवनस्पतींस योग्यच असते. हानी होते ती यंत्राचा कोरडा झोत थेट पानांवर आल्याने आणि यंत्र बंद केल्यावर तापमान अचानक वाढल्याने. वाळ्याच्या पडद्यांचा किंवा पाण्याच्या पंख्याचा (कूलरचा) उपयोग उन्हाळ्यात अधिक चांगला. कारण त्याने तापमान घटते व आर्द्रता वाढते. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने तो निरुपयोगी ठरतो.

कुंडी व माती : मातीच्या सच्छिद्र कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून त्याचे बाष्प होते व माठातील पाण्याप्रमाणे आतील माती थंड राहते. हवा ३८° से. व आर्द्रता २५% असताना अशा बाष्पीभवनाने पृष्ठभाग तत्त्वतः २३° से.पर्यंत उतरू शकतो. प्रत्यक्षात इतका फरक पडत नसला, तरी सावलीतील ओली कुंडी हवेपेक्षा निश्चितच थंड असते. उन्हाळ्यातील हा गुण हिवाळ्यात दोष ठरतो. म्हणून थंडीत अशी कुंडी शहाबादी फरशीवर न टेकविता फळी, विटा किंवा गोणपाटाच्या घडीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या कुंडीत हे शीतन होत नाही. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात राहिल्यास उन्हाकडील बाजूची मुळे भाजतात. एका मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधली पोकळी वाळू किंवा काथ्याच्या भुशाने भरणे हा दोन्ही ऋतूंत उपयोगी पडणारा उपाय आहे. मातीवर २–३ सेंमी. जाडीचे आच्छादन घातल्यास तिचे तापमान स्थिर राहते. ऊसकरी भागात सहज मिळणारे पाचट बारीक तुकडे करून यासाठी वापरता येते.

ऋतुमानानुसार निगा : कोल्हापूर व तत्सम पठारी प्रदेशांत पुढीलप्रमाणे क्रम ठेवता येतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिल्या गटातील वनस्पती रात्री घरात घ्याव्यात. पाणी सकाळी ऊन चढल्यावर व माती वरून सुकल्यानंतरच द्यावे. खत देणे व कुंडी बदलणे टाळावे. कॅलॅडियमसारख्या कंदधारी वनस्पतींची पाने या काळात वाळतात. ती मेली असे समजून टाकून न देता कंद कोरड्या मातीत उबदार जागी ठेवल्यास उन्हाळ्याच्या सुरुवातीस पुन्हा फुटतात. मार्चपासून मृग नक्षत्रापर्यंत कुंड्या पश्चिम बाजूवरून हलवाव्यात, एकमेकींजवळ गटाने ठेवाव्यात व त्यांखाली ओल्या खड्यांची थाळी ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्यात बुडू नये. उघड्या जागी ५०% ते ७५% सावली देणारी जाळी लावावी. पाणी सकाळी लवकर वा सायंकाळी द्यावे; उन्हात तापलेल्या नळीतील पहिले पाणी सोडून द्यावे. वळिवाच्या पावसाबरोबर येणाऱ्या गारांपासून रुंद पानांचे रक्षण करावे. जून–सप्टेंबर हा वाढीचा काळ असल्याने कुंड्या बदलणे, कलमे लावणे व खत देणे याच काळात करावे. परंतु निचरा व खेळती हवा यांची काळजी घ्यावी, अन्यथा पानांवर कवकांचे डाग पडतात. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात ऊन अकस्मात प्रखर होते. चार महिने मंद प्रकाशात वाढलेली कोवळी पाने त्यात करपतात, यास्तव कुंड्या आठ-पंधरा दिवसांत हळूहळू उजेडाकडे न्याव्यात. रोपवाटिकेतील दमट जाळीगृहातून आणलेल्या नव्या रोपासही असाच अवधी द्यावा लागतो.

मापन : कमाल व किमान तापमान नोंदविणारा साधा तापमापक कुंड्यांच्या उंचीवर, सावलीत टांगावा आणि सकाळी वाचावा. भिंतीवर माणसाच्या उंचीला लावलेला तापमापक जमिनीवरील कुंडीची पहाटेची थंडी दाखवीत नाही. मातीत ५ सेंमी. खोल घातलेला दुसरा तापमापक त्याहून उपयुक्त. त्यावर १५° से.च्या खालचे तापमान वारंवार आढळल्यास पाणी निम्म्यावर आणावे. घरातील दोन-तीन जागांची अशी नोंद वर्षभर ठेवल्यास कोणती वनस्पती कोठे ठेवावी हे अनुमानाने ठरविण्याची गरज उरत नाही. त्याच घरात एका कोपऱ्यात अँथुरियम तग धरते व दहा पावलांवर ते झुरते, याचे कारण अशा नोंदींतून कळून येते.

स्थानिक वनस्पती : व्यापारी फुलशेतीत तापमानाचे नियंत्रण हरितगृहांतून करतात, शिरोळ तालुक्यातील कोंडिग्रे येथील माळावर अशा हरितगृहांत जरबेरा, गुलाब इ. फुले पिकविली जातात. घरगुती शोभेसाठी इतका खर्च आवश्यक नसतो. परदेशी वनस्पतींस अनुकूल हवा निर्माण करण्याऐवजी हवेस अनुकूल वनस्पती निवडणे हा दुसरा मार्ग होय. सह्याद्रीतील सीतेची वेणी यांसारखी अपिवनस्पती आमरे आणि कंदीलपुष्प (सेरोपेजिया) प्रजातीतील कंदधारी जाती पावसाळ्यात वाढतात आणि कोरड्या ऋतूत विश्रांती घेतात. येथील उन्हाळा व हिवाळा त्यांना परका नसतो. विश्रांतीच्या काळात भरपूर पाणी दिल्यास मात्र त्या कुजतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात पश्चिम घाटातील प्रदेशनिष्ठ व दुर्मीळ वनस्पतींचे जतन केले जाते. सेरोपेजियाच्या जातींचा त्यांत विशेष समावेश आहे. राधानगरी-दाजीपूरसारख्या अभयारण्यातून वनस्पती काढून आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे. त्यांची लागवड करावयाची असल्यास रोपवाटिकेत वाढविलेली रोपेच घ्यावीत. जंगलातून उपटून आणलेले आमर नव्या जागेच्या कोरड्या हवेत बहुधा एक-दोन उन्हाळेच काढते, आणि रानातील त्याची जागाही रिकामी होते.